क्लच कव्हरमधून ऑइल गळून रायलं, पॅकिंग नवीन टाकलं तरी थांबेना

पांदण_रस्ता
राम राम मंडळी. गाडी स्प्लेंडर, २००९ चं मॉडेल. काकाची होती, छपरात बरेच महिने नुसती उभी होती, आता माझ्याकडं आली. उजव्या बाजूनं क्लच कव्हरच्या (इंजिनच्या उजवीकडचं झाकण) खालच्या कडेतून ऑइल गळते. गावातल्या मिस्त्रीनं पॅकिंग (जोडात बसणारा कागद) नवीन टाकलं, वरून सिलिकॉनही दाबून लावलं, थोडे दिवस कोरडी राहिली अन् पुन्हा तेच. आता तो म्हणते कव्हर वाकलं असंन, नवीन कव्हर टाका. गाडी रोज सकाळी दुधाच्या दोन कॅना घेऊन दारव्ह्याकडं जाते, म्हंजे वजन असते. थेंब गरम सायलेंसरवर पडला का निळा धूर अन् वास. मेन स्टँडवर उभी केली का खाली डाग पडते, साइड स्टँडवर लावली तर जवळपास काहीच नाही. कव्हर खरंच बदलावं लागते का? अन् घरी करण्यासारखं काम आहे का हे? माझ्याकडं पाने आहेत, टी-पाना आहे, थोडीफार सवय पण आहे.

फटफटी
भाऊ, गळते म्हंजे आत ऑइल हाय. गळनं बंद झालं का घाबरजो.

पांदण_रस्ता
@फटफटी हा हा, हे काका पण म्हणत होते. पण ऑइलची बाटली काका आणून देत नाही ना आता.

जुना_मिस्त्री
पांदण भाऊ, पाना हातात घ्यायच्या आधी गळती कुठून आहे ते पक्कं करा. मूर्तिजापुरात पुष्कळ वर्षं गॅरेज चालवलं, 'पॅकिंग गेलं' म्हणून आलेली गाडी अन् गळती भलतीकडून, हे लय पाहिलं. ऑइल जिथून निघते तिथं ते दिसत नाही. गाडी पुढं पळते, वारा ऑइलला मागं ढकलतो, ते कव्हरच्या कडेकडेनं सरकत जाते अन् सगळ्यात खालच्या बोल्टवर थेंब धरते. आपण तो थेंब पाहतो अन् म्हणतो इथूनच गळते. त्यावर पांदणीचा फुफाटा बसला का काळा जाड थर होते, मग तर काहीच कळत नाही.

असं करा, इंजिन पूर्ण थंड असताना डिझेल अन् जुना ब्रश घेऊन सगळं धुवा, हेडपासून (इंजिनचा वरचा भाग) खालच्या ऑइल काढायच्या ड्रेन बोल्टपर्यंत, मग साबणाचं पाणी, मग चांगलं वाळू द्या. प्रेशरच्या पाण्यानं धुऊ नका, वायरींच्या रबरातून पाणी आत जाते. कोरडं झालं का कव्हरच्या जोडावर, किकच्या दांड्याभोवती, वर टॅपेट कव्हरच्या (हेडवरच्या वाल्वची झाकणं) खाली टाल्कम पावडर भुरभुरायची. गाडी चांगली गरम होईपर्यंत फिरवून आणा अन् टॉर्च घेऊन खाली बसा. पावडरवर ओली रेघ जिथून सुरू झाली तीच जागा, जिथं संपली ती नाही.

किकच्या दांड्याला एक ऑइल सील, म्हंजे ऑइल अडवणारी रबरी कडी, असते ते खास पहा. ते कडक झालं का ऑइल किकच्या खाली उतरून कव्हरच्या कडेला लागते अन् माणूस पॅकिंगला दोष देते. सील गेलं असंन तर कितीही पॅकिंगा बदला.

संत्राबाग
मिस्त्री काका अगदी बरोबर. आमच्या वरुडकडे माझ्या मोठ्या भावाच्या गाडीचं हेच झालं होतं. सगळे म्हणत होते सिलेंडरखालचं पॅकिंग गेलं, इंजिन खोला. निघालं काय तर टॅपेट कव्हरचा ओ-रिंग. एवढासा रबराचा गोल, तो वर्षानुवर्षं गरम होऊन चपटा अन् कडक झाला होता, नखानं दाबला तर तुटला. तो बदलला अन् गाडी कोरडी.

टी_पाना
एवढं कायले करता राजेहो. एनाबाँडची (सिलिकॉन सीलंटची) ट्यूब आणा, पॅकिंगच्या दोन्हीकडून जाड थर द्या, बोल्ट करकचून आवळा, रात्रभर ठेवा. आमच्या हिंगणघाटात सगळे असंच करतात. माझ्या दोन्ही गाड्या अशाच चालू आहेत.

जुना_मिस्त्री
@टी_पाना भाऊ, राग मानू नका पण या एका गोष्टीवर मी भांडणार. जाड थर दिला का कव्हर दाबताना अर्धं सिलिकॉन बाहेर येते, ते तुम्ही पुसून टाकता. पण तेवढंच आतल्या बाजूनं पण निघते, ते कोण पुसते? ते आत लोंबत राहते, गरम ऑइलमध्ये त्याचे तुकडे सुटतात. या इंजिनात उजव्या कव्हरच्या आतच खालच्या बाजूला ऑइलची जाळी आहे, पंप तिथूनच ऑइल ओढतो. जाळीवर रबराचे तुकडे बसले का वर हेडला ऑइल कमी जाते अन् वाल्व उघडणारा कॅम खाल्ला जाते. गळतीनं इंजिन मरत नाही, लेव्हल पाहत राहिलं तर वर्षभर चालते. जाळी बंद झाली तर मात्र जाते.

दुसरं, करकचून आवळणं. ते बोल्ट सहा एमएमचे आहेत, आठ नंबरचा पाना लागते, अन् ते ॲल्युमिनियममध्ये बसतात. त्यांना १०-१२ न्यूटन-मीटरच्या वर जोर लागत नाही. टी-पाना दोन बोटांनी फिरवायचा अन् शेवटी मनगटाचा हलका झटका. जास्त ताण दिला का आटे जातात, मग हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) टाका अन् वर्कशॉपचा खर्च करा. अन् आटे नाही गेले तरी बोल्टजवळचं पॅकिंग चिरडते अन् दोन बोल्टांच्या मधात कव्हर उचलल्या जाते. गळती तिथूनच.

टी_पाना
बरं बाप्पा. पण दोन्ही गाड्या कोरड्या आहेत एवढं खरं.

वाट_चुकलेला
वाचनखूण साठवली.

मेहकरची_लेक
घरी करण्यासारखं काम आहे, मी केलं आहे. आमच्याकडं गाडी मीच पाहते, नवरा ट्रॅक्टरवाला आहे, त्याला दोन चाकाचं काम म्हंजे खेळणं वाटते. जे कुठं कोणी सांगत नाही ते सांगते.

आधी फुटरेस्टचा दांडा, सायलेंसर अन् किक काढावी लागते, क्लचची केबल सोडावी लागते, तेवढ्यात अर्धं डोकं दुखते. सायलेंसरच्या वरच्या नटांना आदल्या रात्री थोडं डिझेल सोडून ठेवलं तर सकाळी रडत नाहीत. ऑइल गरम असताना काढायचं, थंड झालेलं पूर्ण निघत नाही. मग बोल्ट. सगळे बोल्ट सारखे नाहीत! काही लांब काही आखूड. एक पुठ्ठा घ्यायचा, त्यावर कव्हरचा आकार पेन्सिलनं काढायचा अन् जो बोल्ट जिथून निघाला तिथंच पुठ्ठ्यात टोचून ठेवायचा. आखूडच्या जागी लांब गेला तर खाली टेकतो, आवळल्यासारखा वाटतो पण कव्हर दाबलेलंच नसते. लांबच्या जागी आखूड गेला तर दोनच आट्यांवर बसतो अन् आटे घेऊन बाहेर येतो.

कव्हर निघत नाही म्हणून जोडात पेचकस घालून उचकटू नका. रबरी हातोडीनं, नसंन तर लाकडाच्या ठोकळ्यावरून आजूबाजूनं हळू ठोका, सुटते. सुटताना दोन गोष्टी पडतात, कव्हर जागेवर धरणाऱ्या जोडाच्या दोन डॉवेल पिना अन् किकच्या दांड्यावरचा वॉशर. खाली पांढरं कापड अंथरून ठेवा. वॉशर गवतात गेला तर संपलं.

पांदण_रस्ता
@मेहकरची_लेक ताई, हे सोन्यासारखं सांगितलं. पुठ्ठ्याचं तर मला सुचलंच नसतं.

चंद्रपुरी_ऊन
माझ्या मते सगळा दोष आपल्या उन्हाळ्याचा आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, गाडी दिवसभर उन्हात उभी, रबर अन् कागद दोन्ही वाळतात. पुण्या-मुंबईकडं एवढ्या गळत्या नसतात.

मास्तर_आर्वी
ऊन एवढं जबाबदार नसावं. चालू इंजिनातलं ऑइल कोणत्याही गावात शंभर अंशांच्या आसपास जातं, पॅकिंगला त्याची सवय असते. फरक पडतो तो वेगळ्या कारणानं. हे इंजिन हवेवर थंड होतं. दोन कॅना लादून पांदणीनं पहिल्या-दुसऱ्या गिअरवर हळूहळू गेलं की हवा लागत नाही आणि इंजिन जास्त तापतं.

मला वेगळं विचारायचं आहे. पांदण, ऑइलची लेव्हल किती आहे? आणि ती कशी बघता? गाडी सपाट जागेवर सरळ उभी पाहिजे, साइड स्टँडवर नाही. दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, थोडं थांबा, डिपस्टिक (ऑइल मोजायची कांडी) पुसा, भोकात नुसती टेकवा, आट्यांत फिरवू नका, मग वाचा. फिरवून बघितली तर आकडा जास्त दाखवते. शिवाय मॅन्युअलमध्ये ऑइलचे दोन आकडे असतात, एक नुसतं ऑइल बदलताना आणि एक इंजिन खोललं तर. पहिला कमी असतो, कारण ड्रेन केल्यावरही थोडं ऑइल आत राहतंच. आपल्याकडे बाटली आणली की शेवटच्या थेंबापर्यंत ओतायची पद्धत आहे. लेव्हल वर गेली की आतले गिअर आणि क्लच ते ऑइल घुसळतात, फेस होतो, आत दाब वाढतो.

टी_पाना
मी तं ट्रॅक्टरमधलं उरलेलं जाड ऑइल टाकतो, जाड असलं का गळत नाही.

जुना_मिस्त्री
जाड ऑइलनं गळती थोडी हळू होते, थांबत नाही. उलट सकाळी थंडीत वर चढायला वेळ लागते. अन् आपल्या गाड्यांत क्लच ऑइलमध्येच बुडालेला असते, त्यामुळं बाटलीवर 'जासो एमए' (ऑइलमधल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं पाहिजे, ग्रेड १०डब्ल्यू-३०. गाडीसाठी जे लिहिलं आहे ते टाका. काही कारच्या ऑइलमध्ये घसरणं वाढवणारं औषध असते, त्यानं क्लच सुटते, चढावर इंजिन ओरडते अन् गाडी जाग्यावर.

ढवळ्या_पवळ्या
मधातच विचारतो, काढलेल्या जळक्या ऑइलचं काय करता तुम्ही सगळे? आमच्याकडं कुंपणाच्या खुंटांना लावतो, उधई (वाळवी) लागत नाही. गोचीड झाले का बैलाले पण लावतात काही जण.

मेहकरची_लेक
बैलाला लावू नका हो! ते जनावर अंग चाटते, सगळं पोटात जाते, अन् उन्हात कातडी भाजल्यासारखी होते. गोचिडाचं औषध जनावरांच्या दवाखान्यात मिळते. खुंटाला लावताना पण विहिरीजवळ, नाल्याकाठी नको, पहिल्या झडीत धुऊन पाण्यात जाते. मी तर जुन्या बाटलीत भरून ठेवते अन् तालुक्याच्या गॅरेजवाल्याला देते, त्याच्याकडं ड्रम असते, भंगारवाला घेऊन जाते.

ढवळ्या_पवळ्या
ताई, पटलं. बैलाले लावनं बंद.

फटफटी
पोळा जवळ आला, बैलाले आता हळद अन् तूपच लावजो, ऑइल गाडीले.

पांदण_रस्ता
मंडळी, काल सुट्टी होती, सगळं धुतलं अन् पावडर मारून चालवून आणली. हाती आलं ते सांगतो. वर टॅपेट कव्हरजवळ कोरडं. किकच्या दांड्याजवळ कोरडं. ओली रेघ कव्हरच्या मागच्या अर्ध्या भागात, खालून दुसऱ्या अन् तिसऱ्या बोल्टच्या मधात सुरू होते. अन् मास्तर, तुम्ही सांगितल्यासारखी लेव्हल पाहिली तर वरच्या रेघेच्या बरीच वर आहे! मिस्त्रीनं पूर्ण बाटली ओतली होती. अजून एक, डिपस्टिक सैल केली तेव्हा फस्स करून हवा निघाली. हे नॉर्मल आहे का?

झाडीपट्टी
नाही, नॉर्मल नाही. मी ब्रह्मपुरीकडचा, धानाच्या बांधावरून गाड्या चालवणारा. फस्स झालं म्हणजे आतला दाब बाहेर पडायला रस्ता नाही. पिस्टन वरखाली होतो तेव्हा त्याच्या खालची हवा दाबली जाते, शिवाय रिंगांच्या बाजूनं थोडा गॅस खाली उतरतोच, नव्या इंजिनातही. तो सोडायला ब्रीदरची नळी असते, इंजिनवरून निघणारी काळी रबरी नळी. काही गाड्यांत ती एअर फिल्टरच्या डब्याकडे जाते, काहींत खाली मोकळी सुटते. ती बंद झाली की दाब सगळ्यात कमजोर जागा शोधतो अन् ऑइलला तिथून ढकलतो. पॅकिंग बदलूनही पुन्हा गळतं याचं हे मोठं कारण आहे, आणि ब्रीदर कोणी बघतच नाही.

तुम्ही लिहिलं गाडी छपरात बरेच महिने उभी होती. नळीचं तोंड नक्की बघा. आमच्याकडे कुंभारीण माशी बारीक भोक दिसलं की त्यात मातीचं घर करते. स्प्रिंकलरच्या नोझलमध्ये, दाराच्या कुलपात, कुठंही. नळी वाकून चिमटली तर नाही ना तेही बघा.

चंद्रपुरी_ऊन
कुंभारीण माशी इंजिनची नळी बंद करते? भाऊ, कायच्या काय.

झाडीपट्टी
@चंद्रपुरी_ऊन तुमच्या घरातल्या स्विच बोर्डाच्या न वापरलेल्या भोकात डोकावून बघा एकदा.

पांदण_रस्ता
झाडीपट्टी भाऊ, तुमच्या पाया पडतो!! आत्ता नळी काढली. खालचं तोंड मातीनं गच्च. काडीनं टोकरलं तर मातीची बारीक नळकांडी निघाली, आत दोन वाळलेल्या अळ्या अन् एक मेलेला कोळी. नळी उदबत्तीच्या काडीनं मोकळी केली, फुंकून पाहिली, हवा आरपार जाते. जास्तीचं ऑइल काढून लेव्हल मधात आणली.

चंद्रपुरी_ऊन
बोर्डात पाहिलं. आहे. शब्द मागे घेतो.

संत्राबाग
अळ्यांसाठी ती माशी कोळी आणून ठेवते, लेकरांचा डबा. झाडीपट्टी यांचं निदान जबरदस्त.

टी_पाना
मग झालं तं. दाब सुटला, लेव्हल बरोबर झाली. आता कव्हर खोलायची गरज नाही. चालवून पाहा, थांबलं तं थांबलं.

जुना_मिस्त्री
टी_पाना भाऊंचं निम्मं बरोबर आहे, लगेच खोलायची घाई नाही, पावडर मारून पुन्हा पाहा. पाझर अन् गळती वेगळी. नुसती कड ओलसर होत असंन, थेंब धरत नसंन, तर हंगाम संपेपर्यंत बिनधास्त चालवा, फक्त आठवड्याला डिपस्टिक पाहा. पण मिस्त्रीनं सिलिकॉन 'दाबून' लावलं असं तुम्ही लिहिलं, त्याची मला काळजी वाटते. ती जाळी पाहून घ्यावी असं माझं मत. अन् एकदा दाबानं ऑइल पॅकिंगमधून गेलं का ते कागद भिजून मऊ पडते, पुन्हा पहिल्यासारखं धरत नाही.

वऱ्हाडी_ठोका
पॅकिंग विकत कायले आणता? आमच्या गावचा मिस्त्री लग्नपत्रिकेचं करते. कव्हरवर पत्रिका ठेवते अन् गोल तोंडाच्या हातोडीनं कडेकडेनं टकटक करते, बरोब्बर कव्हराच्या आकाराचं कापल्या जाते. आमच्या मामाच्या गाडीत मामाच्याच पोराची पत्रिका आहे.

फटफटी
म्हंजे इंजिन खोललं का 'आपले नम्र' दिसते.

जुना_मिस्त्री
हातोडीनं कापायची पद्धत जुनी अन् खरी आहे, आम्ही पण केली, जेव्हा पार्ट मिळायला नागपूरला जावं लागे. पण त्यासाठी पॅकिंगचा कागद मिळते, ऑइल सहन करणारा, तोच घ्यायचा अन् जाडी जुन्या पॅकिंगएवढीच. पत्रिकेवर प्लास्टिकचा चकचकीत थर असते, तो गरम झाला का वितळते, अन् आतला कागद ऑइल पिऊन फुगते. अडल्या वेळी घरी पोहोचायला ठीक. स्प्लेंडरचं क्लच कव्हरचं पॅकिंग तालुक्याला कुठंही मिळते, शंभराच्या आत येते, त्यासाठी कोणाचं लग्न कशाला कापता.

अकोट_फाटा
कागद कोरडा लावायचा का ग्रीस लावून? प्रत्येक जण वेगळं सांगते.

मेहकरची_लेक
मी एका बाजूला, कव्हरच्या बाजूला, अगदी पातळ ग्रीस लावते. त्यानं पॅकिंग कव्हरला चिकटून राहते, बसवताना सरकत नाही, अन् पुढच्या वेळी खोललं का ब्लेडनं खरवडत बसावं लागत नाही. इंजिनच्या बाजूला कोरडं.

मास्तर_आर्वी
कोरडं लावलं तरी चालतं, दोन्ही तोंडं स्वच्छ असली पाहिजेत एवढं खरं. मी असंही ऐकलं आहे की जिथं इंजिनचे दोन भाग जुळतात तिथं पॅकिंगखाली सीलंटचा थेंब लावावा लागतो. मिस्त्री काका?

जुना_मिस्त्री
मास्तर, ते आहे पण या कव्हरला नाही. या इंजिनचे दोन भाग डावे-उजवे जुळतात, अन् क्लच कव्हर पूर्ण उजव्या भागावरच बसते, त्याच्या तोंडात जोड येतच नाही. सिलेंडरच्या बुडाच्या पॅकिंगखाली मात्र दोन्ही भाग येतात, तिथं जोडाच्या रेघेवर दोन्हीकडं एकेक टिपका लावतात. तेवढाच.

पांदण_रस्ता
मंडळी, बातमी. ब्रीदर मोकळा केल्यावर थेंब पडणं बंद झालं होतं पण कड ओली व्हायचीच, अन् मिस्त्री काकांनी जाळीचं लिहिल्यापासून मनात तेच होतं. शेवटी ताईंच्या पद्धतीनं कव्हर खोललं. पुठ्ठा, पांढरं कापड, सगळं. वॉशर खरंच पडला अन् कापडावर सापडला.

जाळीवर निळ्या सिलिकॉनचे तुकडे चिकटलेले होते, एक तर शेंगदाण्याएवढा. जाळी काढून डिझेलमध्ये धुतली. अन् जिथं पावडरवर रेघ सुरू होत होती, बरोबर त्याच जागी इंजिनच्या तोंडावर पेचकस घालून उचकटल्याची खूण आहे. नखाला लागते, तिरपी, जोडाच्या आतून बाहेरपर्यंत. कव्हरच्या तोंडावर पण थोडी. कव्हर वाकलेलं नाही, काचेवर ठेवून पाहिलं, कुठंच हलत नाही. आता ती खूण कशी भरू? फाइल मारू का?

जुना_मिस्त्री
फाइल अजिबात नको! इंजिनच्या तोंडावर फाइल मारली तर खड्डा जाईल अन् तोंडच वाकडं होईल, मग आयुष्यभर गळती. खुणेच्या कडा वर उचलल्या असतील तेवढ्याच बारीक तेलाच्या दगडानं (धार लावायचा दगड) सपाट करा, वर आलेला काठ गेला का थांबा. कव्हरचं तोंड सोपं आहे, सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर, ४०० नंबरचा, थोडं डिझेल टाकून पसरवा अन् कव्हर त्यावर गोल गोल हलक्या हातानं फिरवा. सगळीकडं सारखी मळकी चमक आली का झालं. नंतर कव्हर चांगलं धुवा, पॉलिशची पूड आत गेली नाही पाहिजे.

जुनं पॅकिंग खरवडताना इंजिनच्या उघड्या भागात स्वच्छ कापड कोंबून ठेवा, ब्लेड आडवं धरा, उभं नाही. थिनर लावून थोडं थांबलं तर कागद पापडासारखा सुटते.

अन् आता सीलंट. टी_पाना भाऊ, हे तुमच्यासाठी पण आहे. जी खूण नखाला लागते तेवढ्याच जागी, बोटाच्या टोकावर मावेल एवढं सीलंट घासून भरायचं, वर थर दिसला नाही पाहिजे, फक्त खड्डा भरला पाहिजे. बाकी पूर्ण पॅकिंग कोरडं किंवा ताईंसारखं. ट्यूबवर जेवढा वेळ लिहिला असंन तेवढं वाळू द्या, मगच ऑइल भरा.

टी_पाना
म्हंजे एनाबाँड लागलंच शेवटी!

जुना_मिस्त्री
लागलं. तिळाएवढं.

मेहकरची_लेक
बोल्ट आवळताना एका टोकाकडून सुरू करून दुसऱ्याकडं जाऊ नका पांदण दादा. सगळे हातानं बसवा, मग समोरासमोरचे थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत. अन् क्लचची केबल लावल्यावर मोकळीक सेट करा, लिव्हरच्या टोकाला साधारण १०-१५ मिलिमीटर ढिली पाहिजे, नाहीतर कव्हर चांगलं बसलं अन् क्लच घसरतो असं व्हायचं.

अकोट_फाटा
ऑइल भरल्यावर लगेच किक मारायची का?

मास्तर_आर्वी
आधी इग्निशन बंद ठेवून काही किका मारा, पंप ऑइल वर चढवतो. मग सुरू करून रेस न देता चालू राहू द्या. बंद करून थोडं थांबल्यावर लेव्हल पुन्हा बघा, आतल्या रिकाम्या जागा भरल्या की ती खाली येते, तेवढं भरायचं. बाटली संपवायची नाही!

पांदण_रस्ता
झालं मंडळी. मिस्त्री काकांनी सांगितलं तसंच केलं, त्यानंतर कॅना घेऊन रोज जाणं सुरू आहे, मध्ये झडीचा पाऊसही झाला. पावडर मारून तपासली, कोरडी ठणठणीत. नवीन कव्हर लागलं नाही. खर्च पॅकिंग, ऑइल अन् पॉलिश पेपर एवढाच. ब्रीदरच्या तोंडाला बारीक तारेची जाळी बांधली तर चालते का, माशी पुन्हा येऊ नये म्हणून?

झाडीपट्टी
जाळी बांधा पण मोठ्या भोकांची, बारीक जाळीवर ऑइलची वाफ अन् धूळ बसून ती स्वतःच बंद होते. त्यापेक्षा सोपं म्हणजे गाडी उभी ठेवू नका, रोज चालणाऱ्या नळीत ती घर करत नाही. अन् कधी बराच काळ उभी ठेवायची वेळ आली तर नळीच्या तोंडावर कापड बांधून हँडलला चिठ्ठी लावा, सुरू करायच्या आधी काढायला.

नवीन_सभासद_पुसद
सगळा धागा वाचला, लय कामाचा. माझी गाडी पण १०० सीसी आहे, पण ऑइल डाव्या बाजूनं, पुढच्या स्प्रॉकेटजवळून येते, मागच्या चाकाच्या रिमवर पण शिंतोडे असतात. डाव्या कव्हरचं पॅकिंग समजायचं का?

जुना_मिस्त्री
आधी ते इंजिनचं ऑइल आहे का तेच पाहा. चेनला लावलेलं ऑइल किंवा ग्रीस पण फिरताना तिथंच उडते, रिमवर शिंतोडे त्याचेच असतात. स्प्रॉकेटचं कव्हर काढा, सगळं पुसून कोरडं करा, चेनला काही दिवस काही लावू नका. चिकट, घट्ट, मातीमिश्रित काळं परत आलं तर चेनचं. पातळ, धावणारं आलं अन् स्प्रॉकेटच्या शाफ्टभोवती ओलं गोल दिसलं तर शाफ्टचं ऑइल सील गेलं. बऱ्याच गाड्यांत ते कव्हर न खोलता बाहेरूनच बदलते, फक्त स्प्रॉकेट काढावं लागते. नवीन सीलच्या ओठाला ग्रीस लावून, सीलएवढ्याच गोल गोटीनं (सॉकेटनं) सरळ ठोकून बसवायचं. अन् गिअरच्या दांड्याचं सील पण तिथंच बाजूला असते, ते पण त्याच वेळी पाहून घ्या. ऑइल मागच्या टायरवर जात असंन तर थांबू नका, ओल्या रस्त्यावर वळणात गाडी घसरते. हे काम आधी करा, बाकी मग.

नवीन_सभासद_पुसद
धन्यवाद काका. उद्या पुसून पाहतो अन् इथंच टाकतो.